घडी कोण घालतं?

वास्तुकलेच्या पुस्तकांत लहान घराचा फोटो नेहमी एकाच वेळचा असतो, सकाळी दहा ते दुपारी चार यांच्या मधला. गाद्या उचललेल्या असतात, भांडी घासून पालथी घातलेली, दोरीवर एक कपडा नाही. घरात माणूस असलंच तर एक, आणि तेही खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेलं. रात्री साडेदहाचा फोटो मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही. लहान घराची खरी परीक्षा तर तेव्हाच असते. सहा माणसं, पाच गाद्या, उद्याचं दप्तर, भिजत घातलेली डाळ, आणि मधूनच पाण्याला उठणाऱ्याला पाय ठेवायला जागा.

ही पुस्तकं मी हातात घेतली त्याला कारण घरातलंच. मुलगा आणि सून भोपाळमध्येच फ्लॅट बघताहेत. दोघांच्या पगारात बसेल असा, म्हणजे लहानच. सुनेनं कुठून कुठून पुस्तकं, मासिकं, नकाशे गोळा केले आणि माझ्यासमोर ठेवले. "आई, तुम्ही क्वार्टरमध्ये इतकी वर्षं काढलीत, तुम्ही बघा." मी कलाशाखेची पदवीधर. कविता कशी वाचायची ते कॉलेजात शिकवलं, नकाशा कुणी शिकवला नाही. पण फार वेगळं नसतं ते. काय लिहिलंय ते बघायचं, आणि काय गाळलंय तेही बघायचं.

गाळलेलं बरंच आहे. ल कॉर्ब्युझिए हा विसाव्या शतकातला बहुधा सगळ्यात गाजलेला वास्तुकार, आपलं चंदीगड त्याचंच. त्यानं १९५१-५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी झोपडी उभारली. आतून ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे आपल्या भाषेत बारा बाय बाराची एक खोली. बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून हा आराखडा काढला, असं तो सांगत असे. थोड्या जागेत माणूस किती नीट राहू शकतो याचा दाखला म्हणून ती खोली जगभर दाखवतात. तिच्यात स्वयंपाकघर नाही. शेजारच्या खाणावळीत जायला भिंतीत एक दार ठेवलंय, जेवायला तिकडे. (बायकोला खरी भेट हीच वाटली असेल!) पुढे १९७२ मध्ये किशो कुरोकावा यांनी तोक्योत नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. एकावर एक रचलेल्या एकशे चाळीस पेट्या, प्रत्येक पेटी साधारण दहा चौरस मीटरची. पलंग, न्हाणीघर, टीव्ही, सगळं बसवलेलं. चूल तिथंही नाही. २०२२ मध्ये तो टॉवर पाडला, तेव्हा जगभरातल्या रसिकांना हळहळ वाटली. इमारत म्हणून मलाही ती आवडते. पण या दोन्ही जागा दिवसभर बाहेर असलेल्या आणि बाहेर जेवणाऱ्या एकट्या माणसाच्या आहेत. कुणाचं तरी स्वयंपाकाचं काम भिंतीपलीकडे ढकललं की घर लहान करणं सोपंच असतं.

आपल्याकडचं उदाहरण यापेक्षा कितीतरी बरं आहे, म्हणून त्याच्याशी भांडायलाही बरं वाटतं. चार्ल्स कोरिया हे नाव भोपाळमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. घरी पाहुणा आला की मोठा तलाव दाखवायचा आणि तिथूनच १९८२ मध्ये उघडलेलं त्यांचं भारत भवन. वरून आत शिरायचं आणि गच्च्यागच्च्यांनी तलावाकडे उतरत जायचं. विधानभवनही त्यांचंच. पण कोरियांचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक लहान घर, आणि ते आता उभं नाही.

गुजरात हाउसिंग बोर्डासाठी १९६१-६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत ‘ट्यूब हाउस’ बांधलं. रुंदी बारा फूट, लांबी साठ फूट. नळीसारखं लांबट, म्हणून ते नाव. उतरत्या छपराच्या आतल्या बाजूनं गरम हवा वर चढते आणि माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाते, खाली दाराजवळच्या फिरत्या पट्ट्यांतून गार हवा आत येते. पंख्याला वीज लागते, याला काही लागत नाही. अहमदाबादचा उन्हाळा आणि भोपाळचा उन्हाळा यांत फारसा फरक नाही, त्यामुळे हे वाचताना माझा जीव थंड झाला. स्वस्त घर म्हणजे ठोकळा, असं मानण्याच्या दिवसांत एका माणसानं गरिबाच्या घरात आधी हवेचा विचार केला. याबद्दल त्यांना शंभर गुण.

आता पुढचं. त्या घरात आतल्या खोल्यांना दारं नव्हती. खाली-वर अशा पातळ्या केल्या होत्या आणि त्यांनीच आडोसा होईल असं मानलं होतं. समीक्षकांनी याचंही कौतुक केलंय. हवा मोकळी खेळते हे खरंच. पण दार हे काही फक्त हवा अडवायला नसतं. नवी सून, तापानं फणफणलेलं पोर, बाळाला पाजणारी आई, दहावीचा अभ्यास, सासऱ्यांचा रात्रीचा खोकला, आणि नवराबायकोचं सगळ्यांसमोर न बोलता येणारं बोलणं. पातळी बदलल्यानं दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. एकत्र कुटुंबात आपला आवाज आत ठेवायला सगळ्यात आधी बाई शिकते. दार नसलेल्या घरात तिनं ते आणखी शिकायचं, एवढाच अर्थ होतो.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. १९९३ मध्ये लग्न होऊन मी भोपाळला आले ती तात्या टोपे नगरच्या, म्हणजे टीटी नगरच्या, सरकारी क्वार्टरमध्ये. राज्य झालं १९५६ मध्ये, राजधानी इथं आली आणि तिच्याबरोबर क्वार्टरांच्या रांगाच रांगा उठल्या. आमच्या शहरात वस्त्यांची नावं घरांच्या संख्येवरून पडली, ती त्यातूनच. ११०० क्वार्टर्स, १२५०, ४५ बंगले, ७४ बंगले. घरं मोजून नाव ठेवणारं दुसरं शहर मला ठाऊक नाही. क्वार्टरच्या प्रकाराला इंग्रजी अक्षर, आणि अक्षर जितकं पुढचं तितकं घर लहान. आमचं अक्षर बरंच पुढचं होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात संडास. माणसं सहा.

माझं माहेर कारंज्याचं. तिथं वाड्यात जागेला तोटा नव्हता, आणि म्हणूनच महिन्यातले चार दिवस बाजूला बसायलाही स्वतंत्र खोली होती. क्वार्टरमध्ये बाजू म्हणून शिल्लकच नव्हती. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे, देवाकडे जाऊ नको म्हणजे झालं." पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट दोन खोल्यांपुढे हरली. लहान घराचं हे ऋण मी मान्य करते. मोठ्या घरात काही रूढी नुसत्या जागा आहे म्हणून टिकतात. कुठल्याही वास्तुकारानं लहान घराच्या बाजूनं हा मुद्दा मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. त्यांना सुचायचं कारणही नाही म्हणा.

पण त्या दोन खोल्यांत पाच वळकट्या होत्या. सकाळी गुंडाळायच्या, लोखंडी पेटीवर रचायच्या, वर चादर टाकायची, की झाली बैठकीची खोली. रात्री उलटं. दिवसाला दहा वेळा हा खेळ. वर्षाचे झाले तीन हजार सहाशे पन्नास, आणि आम्ही तिथं अकरा वर्षं राहिलो. चाळीस हजारांच्या वर आकडा जातो. पावसाळ्यात कापूस ओल धरतो तेव्हा गादीचं वजन किती वाढतं, ते मणक्याला विचारा. शिवाय बाहेरच्या खोलीत सासरे निजत. ते उठेपर्यंत त्या खोलीचा दिवस सुरू होत नसे, आणि नळ तर पहाटेच येऊन जाई. मग पाण्याच्या बादल्या निजलेल्या माणसाच्या उशापायथ्यावरून, एक थेंब न सांडता.

म्हणून आज मासिकांत भिंतीतून उलगडणारा पलंग, टेबल होणारी खिडकी, पायऱ्यांत लपलेले खण हे सगळं बघते तेव्हा मला कौतुकाच्या आधी एकच प्रश्न पडतो. घडी कोण घालतं? एका बिल्डरच्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये असला भिंतपलंग होता. दाखवणाऱ्या मुलानं तो झटकन उघडून दाखवला. पंधरा सेकंद लागले असतील. सुनेनं त्याला विचारलं, "याच्यासमोरचं टेबल कुठं गेलं?" ते त्यानं आम्ही यायच्या आधी बाजूला केलं होतं. मग तिनं माझ्या मुलाला म्हटलं, "आता टेबल परत ठेव, त्याच्यावर लॅपटॉप आहे, इस्त्रीचे कपडे आहेत आणि पाण्याचा तांब्या आहे असं समज, आणि रात्र झाली असं समज." मुलगा हसला, पण करून बघितलं त्यानं. सहा मिनिटं लागली. जागा वाचते हे खरं. ती कुणाच्या तरी वेळेतून आणि पाठीतून वाचते, आणि किमतीच्या कागदावर तो खर्च लिहिलेला नसतो.

याचा अर्थ एका वस्तूनं दोन कामं करू नयेत असा नाही. एक वस्तू जागची न हलता दोन कामं करते, दुसरीला दर वेळी फिरवावं, उलगडावं लागतं. पहिलीला मी खरी काटकसर म्हणते. ती बघायची तर भोपाळबाहेर जायला नको. श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, सुमारे दोनशे एकरांत. उघड्यावरच्या भागात देशभरच्या आदिवासींची घरं आहेत, आणि ती त्या त्या लोकांनीच येऊन बांधलेली. आमच्या महाराष्ट्राच्या वारल्यांचं कुडाचं घर आहे, गुजरातच्या राठव्यांचं पिठोऱ्याच्या चित्रांचं आहे. पाहुणे भिंतींवरची चित्रं बघतात आणि पुढे जातात. मी आत वाकून बघते. आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या घरांत मातीच्या उंच कोठ्या असतात ना, त्या बघा. धान्य त्यांत भरायचं, आणि त्याच कोठ्या मध्ये उभ्या करून घराचे दोन भाग करायचे. साठवण तीच, भिंत तीच. कोनाडा भिंतीच्या जाडीतच. ओसरीचा कठडा तोच बसायचा ओटा. यातलं काहीही रात्री उघडून सकाळी मिटावं लागत नाही. बाईच्या हातचं काम आहेच, लिंपणं-सारवणं कुणाला चुकलंय? पण जागा रिकामी करण्याची रोजची कसरत नाही.

संग्रहालयाबद्दल मात्र एक तक्रार आहे. ती घरंही दुपारची आहेत. चूल गार, दोरीला काही नाही. घर किती लहान आहे ते कळतं, त्यात किती जण मावत होते ते कळत नाही. चुलीपाशी एका पाटीवर एवढंच लिहिलं की या घरात रात्री इतकी माणसं निजत, तरी बघणाऱ्याची नजर बदलेल.

कोरियांकडे परत येते, कारण त्यांचं एक म्हणणं मला फार पटतं. उघड्या आभाळाखालची जागा हीसुद्धा खोलीच आहे, असं ते सांगत. आपल्या हवेत अंगण वर्षातला बराच काळ वापरता येतं, आणि ते छपराच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. खरं आहे. क्वार्टरमध्ये मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आमची निम्मी माणसं अंगणात खाटेवर निजत, आणि ते तीन-साडेतीन महिने वळकट्या पाचाच्या दोन व्हायच्या. अंगणानं मला जेवढी विश्रांती दिली तेवढी कुठल्याच यंत्रानं नाही दिली. पापड, सांडगे, गहू वाळवणं, सगळं तिथंच. आम्हाला सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं, तर थंडीत पाचला चूल पेटवून उजेडातच पोळ्या करायला अंगणाकडची खिडकी. चौरस फुटांत ते अंगण कुठंच धरलेलं नव्हतं.

याच विचारातून त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८३ ते ८६ या काळात घरं बांधली. आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात त्या वस्तीला. सात-सात घरं एका आठ मीटरच्या चौकाभोवती, प्रत्येकाचा प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतबाहेर, आणि कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. का, तर ज्याला वाढवायचं त्यानं शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. माझी एक मावसबहीण त्या बाजूला राहते, तिच्याबरोबर मी हिंडून आलेय. कौलारू बुटकी पांढरी घरं आता थोडी राहिलीत. त्यांच्या जागी दोन-तीन मजली, बाल्कनीचे, टाइल्स लावलेले बंगले आलेत. वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघून उसासे टाकतात. मला नाही उसासा आला. वाढा असं सांगून दिलेलं घर लोकांनी वाढवलं. पण ज्या खाजगी अंगणावर कोरियांची भिस्त होती ते पुष्कळ घरांनी झाकून टाकलंय, हेही दिसलं, आणि त्याचं कारण कोकणातला चार महिन्यांचा पाऊस. आठ महिन्यांचं गणित बरोबर असतं, पण धुणं बारा महिने असतं. त्या अंगणाच्या एका कडेला दोन हात पत्रा आधीच दिला असता तर उरलेलं आभाळ लोकांनी कदाचित ठेवलं असतं.

आणखी एक. माणसाच्या राहण्याच्या जागा कोरियांनी चार पायऱ्यांनी सांगितल्यात. घरातली खाजगी जागा, मग उंबरा, मग जिथं शेजारी भेटतात तो पाण्याचा नळ, आणि शेवटी गावाचं मैदान. लहान घराला या चारी मिळून पूर्णत्व येतं. वाचायला सुंदर आहे. मात्र नळाला त्यांनी भेटण्याची जागा म्हटलंय. भेटतो आम्ही तिथं, नाही असं नाही. हंडे रांगेला लावून, पहाटे, अर्धं लक्ष घरातल्या दुधाकडे ठेवून. भोपाळच्या जुन्या शहरात दुकानांबाहेर, घरांबाहेर दगडी पटिये असत, रात्री उशिरापर्यंत तिथं बसून गप्पा हाणणं म्हणजे पटियेबाजी. भोपाळी माणसाचा जीव की प्राण. आतलं घर लहान असलं तरी त्याचा अर्धा संसार पटियावर. पण पटियावर बाई बसलेली कुणी पाहिलीय? घर बाहेर सांडतं असं म्हणताना कुणासाठी सांडतं तेही म्हणायला हवं. पुरुषाला उंबरा, पटिया, मैदान तिन्ही मिळतात. बाईच्या वाट्याला पहिली पायरी आणि तिसरी. म्हणजे तिचं घर कागदावर आहे त्याहून लहान.

बाईचा विचार करून आखलेलं लहान स्वयंपाकघरही जगात झालंय. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्ट-लिहोत्स्की या बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी केलं. १.९ मीटर बाय ३.४ मीटर. पीठ, तांदूळ काढायला अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, इस्त्रीची फळी भिंतीला, प्रत्येक पाऊल मोजलेलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली. आज आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ती आजी. मला त्या बाईंबद्दल आदर आहे, पण त्यांचं स्वयंपाकघर एकटीचं आहे. दुसरी बाई आत आली की दोघींची कोपरं लागणार. आपल्याकडे सासू भाजी चिरते, सून पोळ्या लाटते, आणि जे बोलायचं ते त्याच अर्ध्या तासात बोलून होतं. माझा मुलगा आताशा भाजी चिरायला उभा राहतो. त्यालाही उभं राहायला फरशी हवी ना.

म्हणून मला सगळ्यात शहाणं वाटलं ते आमच्या शेजारचं, इंदूरचं अरण्य. बाळकृष्ण दोशी मूळ पुण्यात वाढलेले, फर्निचरच्या धंद्यातल्या एकत्र कुटुंबातले. कॉर्ब्युझिएच्या हाताखाली पॅरिसला काम करून आले. पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळालं. अरण्यची आखणी १९८०च्या दशकातली, ८५ हेक्टर, सुमारे साडेसहा हजार घरं, १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार. पण मला यातलं सांगायचंय ते वेगळंच. सगळ्यात गरिबाचा प्लॉट होता साधारण ३५ चौरस मीटरचा, आणि त्यावर त्याला आख्खं घर दिलं नाही. आधी दिला पाया, संडास-मोरी आणि पाणी, म्हणजे जिथं बाईचं काम आहे तो भाग. बैठकीची खोली तुमची तुम्ही, पैसे येतील तशी. बहुतेक लहान घरांत क्रम उलटा असतो. दर्शनी खोली ऐसपैस आणि मोरी उरलेल्या कोपऱ्यात.

अरण्यात रस्ता आणि घर यांच्या मध्ये अर्ध्या मीटरची एक पट्टीही लोकांसाठी सोडली होती. जिना, ओटा, बाल्कनी, ज्याला जे हवं ते तिथं करावं. अर्धा मीटर म्हणजे केवढं, तर एक माणूस बसून तांदूळ निवडेल एवढं. तिथं मला दारात बायका बसलेल्या दिसल्या. दुपारी नाही, संध्याकाळी, कामाच्या वेळेला, हातात मटारची परात घेऊन.

आता प्रधानमंत्री आवास योजनेनं सर्वात खालच्या उत्पन्नगटासाठी चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलं होतं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. मुंबईत बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं ५०० फुटांच्या फ्लॅटात चाललीत, गॅलरी मागे ठेवून. टीटी नगरातल्या आमच्या रांगा स्मार्ट सिटीसाठी पाडल्या, तिथं टॉवर उभे राहताहेत. जागा वाढतेय याचा मला आनंदच आहे, १६० फुटांचं गोडवं तिथं न राहिलेल्यांनीच गावं. पण सातव्या-दहाव्या मजल्यावर अंगण नाही आणि अर्ध्या मीटरची पट्टीही नाही. सुनेनं आणलेल्या नकाशांपैकी तिनांत वॉशिंग मशीन बाल्कनीत दाखवलंय, त्याच बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक कुंडीही काढलीय. वाळत घातलेला कपडा एकातही काढलेला नाही. मी पेन्सिलीनं दोरी काढली, त्यावर दोन चादरी, मुलाचे चार शर्ट, टॉवेल. खुर्च्या खोडाव्या लागल्या.